डोळ्याला 30 फ्रेमच्या पुढचं दिसत नाही?

व्हिडिओ गेम सेकंदाला किती फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं) दाखवतो यावर बोलणं निघालं की ऐकू येतं: "माणसाचा डोळा सेकंदाला 30 फ्रेमच पाहतो, 60 ही नुसती जाहिरात." हा समज जुना आहे आणि त्याला कारणही आहे: सिनेमा 24 फ्रेममध्ये छान दिसतो. पण कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये हालचालीचा पुसटपणा उतरतो, तो दोन फ्रेममधले सांधे झाकतो. गेमची फ्रेम बहुधा पुसटपणा नसलेली, रेखीव असते, म्हणून तुटकपणा जाणवतो. शिवाय डोळा फ्रेम मोजत नाही. त्याच्यावर प्रकाश सतत पडत असतो. 30 वर नवं चित्र 33 मिलिसेकंदांनी येतं, 60 वर सुमारे 17.

पडताळायचंय? 30 आणि 60 फ्रेमचे दोन्ही मोड असलेल्या गेममध्ये कॅमेरा गरगर फिरवा. मोड दुसऱ्याला गुपचूप बदलायला सांगा आणि ओळखा. (संथ कोड्यांच्या गेमला मला 30 पुरतात.)