संहिता ज्याच्या हातात : मॉन्टी पायथनच्या पुन्हा एकत्र येण्यामागची गोष्ट

गट आणि संहिता यांचं नातं काय असतं, हे पुण्याला कुणी शिकवायला नको. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं ते पीडीएचं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेचं नाटक म्हणून. १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवलं. मग करणारी मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीपासून तेच नाटक पुन्हा सुरू केलं. हे नाटक पुढे परदेशात गाजलं ते त्या हट्टामुळे.

आज स्किट घरोघरी बघितलं जातं. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीतून निघालेली पोरं थेट कॅमेऱ्यासमोर उभी राहतात आणि दर काही वर्षांनी कुठला तरी जुना ग्रुप म्हणतो, पुन्हा एकदा करूया. अशा सगळ्यांनी मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचा इतिहास एकदा नीट बघावा, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या विनोदाबद्दल भरपूर बोललं जातं. लिहिलेलं कुणाचं, हा प्रश्न त्यांनी कसा हाताळला याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि २०१४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन त्यांनी केलेले प्रयोग त्याशिवाय कळतच नाहीत.

मंडळी सहा. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीझ आणि एरिक आयडल केंब्रिजचे, तिथल्या फूटलाइट्स या विद्यार्थी नाट्यमंडळात घडलेले. मायकल पेलिन आणि टेरी जोन्स ऑक्सफर्डचे. सहावा टेरी गिलियम, अमेरिकेतून आलेला चित्रकार. कॉलेजच्या रंगमंचावरून टीव्हीच्या लेखनात शिरण्याचा त्यांचा रस्ता आपल्या एकांकिकावाल्यांना ओळखीचा वाटेल. मे १९६९ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका काश्मिरी तंदुरी हॉटेलात जेवताना सहाही जण एकत्र काम करण्याबद्दल बोलले आणि ५ ऑक्टोबर १९६९ ला बीबीसीवर ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या त्यांच्या स्किटच्या मालिकेचा पहिला भाग लागला.

लिहिण्याची पद्धत अशी. क्लीझ आणि चॅपमन जोडीने लिहीत, पेलिन आणि जोन्स जोडीने, आयडल एकटा. मग सगळे बसत आणि आपापलं मोठ्याने वाचून दाखवत. बाकीचे हसले तर प्रवेश आत, नाहीतर बाहेर. कोण कुठलं काम करणार हे नंतर ठरे. गिलियम कागदाची कात्रणं हलवून केलेल्या अ‍ॅनिमेशनने एका प्रवेशातून दुसऱ्यात नेई, त्यामुळे प्रवेशाच्या शेवटी टाळीचं वाक्य हवंच, ही सक्ती उरली नाही. रंगत असेल तिथवर चालवायचं आणि मधेच सोडून द्यायचं. स्किटच्या इतिहासात एवढी मोकळीक त्याआधी क्वचितच कुणी घेतली होती.

या पद्धतीचं फळ बघायचं तर मेलेल्या पोपटाचा प्रवेश बघावा. गिऱ्हाईक दुकानात येतं : अर्ध्या तासापूर्वी इथून घेतलेला पोपट मेलेला आहे. दुकानदार म्हणतो, मेला नाही, विश्रांती घेतोय. गिऱ्हाईक पोपट काउंटरवर आपटतं, त्याच्या कानाशी ओरडतं, तो मेलाय हे एकामागून एक वेगळ्या शब्दांत सांगत सुटतं. दुकानदार हटत नाही, पिसं किती सुंदर आहेत ते ऐकवतो. पुण्यात ही जुगलबंदी समजावून सांगावी लागत नाही. प्रवेशाचं मूळ पेलिनने सांगितलेल्या एका अनुभवात होतं. त्याची गाडी बिघडली होती आणि गाडीत काहीही बिघाड नाही, असं विकणारा सांगत राहिला होता. त्यावर आधी गाडीचाच प्रवेश झाला. नवीन मालिकेसाठी तो पुन्हा लिहायला घेतल्यावर पोपट सुचवला चॅपमनने. आता हा प्रवेश कुणाचा? अनुभव एकाचा, मांडणी दुसऱ्याची, कळीची कल्पना तिसऱ्याची. चांगल्या ग्रुपमध्ये असंच होतं, आणि ग्रुप मोडला की भांडणही इथूनच सुरू होतं.

मालिकेचे ४५ भाग झाले. क्लीझला कंटाळा आला होता. आपण तेच तेच करतोय असं त्याला वाटायला लागलं होतं, म्हणून चौथ्या पर्वात तो नव्हता. ते पर्व सहाच भागांचं झालं आणि डिसेंबर १९७४ मध्ये मालिका संपली. चित्रपटांसाठी मात्र सहाही जण एकत्र येत राहिले. १९७९ च्या चित्रपटातून पैसे घालणाऱ्या ईएमआय कंपनीने ऐनवेळी अंग काढून घेतलं, तेव्हा बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने घर गहाण टाकून पैसे उभे केले. १९८३ नंतर सहा जणांचा चित्रपट झाला नाही.

खरी महत्त्वाची घटना १९७५ ची आहे. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने चौथ्या पर्वातले तीन भाग एकत्र करून दाखवले आणि जाहिरातींच्या जागेसाठी, शिवाय आक्षेपार्ह वाटलं म्हणून, ९० मिनिटांतली २४ मिनिटं कापली. मंडळी न्यायालयात गेली. बीबीसीबरोबरच्या करारात संहितेचे हक्क लेखकांकडे ठेवलेले होते आणि त्यांना विचारल्याशिवाय मोठे बदल करायचे नाहीत असंही लिहिलेलं होतं. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे तडजोडीत कार्यक्रमांचे हक्कही त्यांच्याकडे आले. आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं. तालमीत चौघांनी वाढवलेल्या संहितेवर एकाचंच नाव जातं, करंडक मिळतो, आणि पाच वर्षांनी कुणी प्रयोग लावायचं म्हटलं की फोन उचलले जात नाहीत.

मालकी हातात असली तरी कटकटी संपत नाहीत, हेही त्यांच्याच बाबतीत दिसलं. १९७५ च्या त्यांच्या चित्रपटावरून आयडलने केलेलं संगीतनाटक २००५ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि तुफान चाललं. मूळ चित्रपटाचे निर्माते मार्क फॉर्स्टेटर यांनी त्यातल्या उत्पन्नात सातव्या भागाचा दावा लावला. जुलै २०१३ मध्ये ते जिंकले. थकलेली रॉयल्टी आणि वकिलांचा खर्च मिळून सुमारे ८ लाख पौंडांचा बोजा पडला. पुन्हा एकत्र येण्यामागचं तातडीचं कारण हे होतं आणि मंडळींनी ते लपवलं नाही. मला त्यांचा हा सरळपणा आवडतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये घोषणा झाली ती लंडनच्या ओ टू अरीना या भल्यामोठ्या सभागृहातल्या एकाच प्रयोगाची. त्याची तिकिटं साडेत्रेचाळीस सेकंदांत संपली. मग प्रयोग वाढत वाढत दहा झाले, १ ते २० जुलै २०१४. शेवटचा प्रयोग देशोदेशीच्या चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला. चॅपमन नव्हता. मालिकेला २० वर्षं पूर्ण होण्याच्या आदल्याच दिवशी, ४ ऑक्टोबर १९८९ ला, तो गेला होता. तो पडद्यावर दिसत राहिला. सत्तरी ओलांडलेल्या पाच जणांनी पोपटाचा प्रवेश केला, लाकूडतोड्याचं गाणं म्हटलं. कुणालाही विचारावं लागलं नाही, कारण ते त्यांचंच होतं.

जोन्सला त्या प्रयोगांत वाक्यं आठवायला त्रास होत होता. दोन वर्षांनी त्याचा स्मृतिभ्रंश जाहीर झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तो गेला. पाच जणांना पुन्हा रंगमंचावर आणण्याचा काळ किती थोडा उरला होता, हे तेव्हा लक्षात आलं. उरलेल्या चौघांत सगळं आलबेल नाही. मंडळाचे पैसे नीट सांभाळले गेले नाहीत, अशी जाहीर तक्रार आयडलने २०२४ मध्ये केली, आणि क्लीझने तितक्याच जाहीरपणे त्याला उलट उत्तर दिलं.