ल्युपस कितव्या वर्षी सुरू झाला, याने एवढा काय फरक पडतो?

आपल्याकडे ताप आला आणि प्लेटलेट घसरल्या की पहिला संशय डेंग्यूवर, आणि पावसाळ्यात तो बऱ्याचदा खराही निघतो. पण डेंग्यू आठ-दहा दिवसांत निस्तरतो. महिना झाला तरी ताप येऊन-जाऊन आहे, सांधे धरलेत, उन्हात गेलं की गाल लालभडक होतात, लघवीला साबण कालवल्यासारखा फेस येतोय, असं असेल तर मग डॉक्टर ल्युपसच्या टेस्ट लावतात. या आजारात शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं आणि त्यांचा गाळ किडनीत वगैरे जाऊन बसतो.

हा बायकांचा आजार असं धरून चालतात, आणि मोठ्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे, ९ बायकांमागे १ पुरुष असं प्रमाण सांगतात. पण साधारण १० ते २० टक्के पेशंटमध्ये तो अठराच्या आतच सुरू होतो, बहुतेकदा ११-१२ व्या वर्षाच्या आसपास. आणि वय जितकं लहान तितका मुलगा-मुलगी हा फरक पुसट होत जातो. गंमत इथेच आहे, कारण वयात येतानाचे हार्मोन्स अजून आलेलेच नाहीत तर मग आजार पेटवला कोणी?

पाच वर्षांच्या आतल्या पोराला ल्युपस झाला (असं फार क्वचित होतं) तर डॉक्टर एखाद्या बिघडलेल्या जीनकडे बोट दाखवतात. सगळ्यात ठळक उदाहरण सी-वन-क्यू नावाच्या प्रोटीनचं. शरीरात रोज मरणाऱ्या पेशींचा कचरा उचलायला ते मदत करतं. घंटागाडी आठवडाभर आली नाही की गल्लीत काय होतं ते आपल्याला माहितीये, तसाच हा कचरा साठतो आणि इम्युनिटी त्यावरच भडकते. हे प्रोटीन जन्मतःच नसलेल्या बहुतेक मुलांना ल्युपससारखा आजार होतोच. अवघड भाग असा की ल्युपसमध्ये नेहमी करतात त्या सी-थ्री, सी-फोर (याच गटातली दुसरी प्रोटीन्स) टेस्ट नॉर्मल येऊ शकतात, डीएनएवाली अँटिबॉडीही बरेचदा सापडत नाही, ही सगळी प्रोटीन्स मिळून काम करतात का ते बघणारी सीएच-५० नावाची टेस्ट केली की मग ती जवळजवळ शून्य. पण हे प्रोटीन मुख्यतः बोन मॅरोतून आलेल्या पेशी बनवतात, म्हणून काही मुलांमध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून मूळ दोषच काढता आलाय.

२०२२ साली नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये स्पेनच्या एका मुलीची केस आली होती, तिला ७ व्या वर्षी निदान झालेलं. व्हायरसचा आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर-७ या जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं, तोच बदल उंदरांत घातला तर उंदरांनाही ल्युपस! हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि बायकांत एक्स दोन असतात, त्यामुळे बायकांनाच जास्त का, या जुन्या प्रश्नालाही थोडा उजेड मिळाला.

बाकी बहुसंख्य मुलांत असा एकच जीन सापडत नाही, तरी लहानपणीचा ल्युपस मोठ्यांपेक्षा जोरकसच असतो. किडनी जास्त वेळा तावडीत सापडते, मेंदूवर परिणाम जास्त, त्यामुळे स्टिरॉइडही जास्त, तेही नेमकं उंची वाढायच्या वयात. चेहरा सुजून गोल होतो, उंची खुंटते, पाळी लांबते. म्हणून मुलांमधलं नुकसान मोजायच्या स्केलमध्ये उंची आणि उशिरा वयात येणं हे मुद्दे वेगळे घातलेत. आणि साधा हिशोब बघा, १२ व्या वर्षी आजार लागला तर चाळिशीपर्यंत २८ वर्षं झाली, तिशीत लागला तर दहाच, साचत जाणारं नुकसान त्याच मापाने. १९५० च्या दशकात निम्मे पेशंट पाच वर्षंसुद्धा काढत नसत, आता चांगली ट्रीटमेंट मिळते तिथे ९० टक्क्यांहून जास्त जगतात, म्हणून तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा विचार करायची वेळ आली.

माझ्या मते सगळ्यात नाजूक वय मात्र पाचच्या आतलं नाही, पंधरा-सोळाचं. चिमुरड्याला आई गोळी भरवते. पंधराव्या वर्षी आरशात सुजलेला चेहरा दिसला की पोरगी गुपचूप गोळ्या बंद करते आणि ओपीडीत विचारलं की मान हलवते, हो घेते ना. ल्युपसमध्ये नेहमी देतात त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीचं एक बरंय, ते शरीरात अनेक आठवडे टिकून राहतं, एक-दोन दिवस चुकले तर लेव्हल फारशी हलत नाही. रक्तात ती जवळजवळ शून्य आली तर डॉक्टरला कळतं की गोळी कालपरवा नाही, कित्येक आठवड्यांपासून पोटात गेलेली नाही.