एलायजा हार्पर यांचं १९९० मधलं 'नाही' : पार्श्वभूमी

कॅनडाच्या राज्यघटनेत क्वेबेक या फ्रेंच भाषक प्रांताला 'वेगळा समाज' म्हणून मान्यता देणारा मीच लेक करार कुणी बुडवला असं विचारलं की आजही एकच उत्तर येतं, मॅनिटोबा प्रांताच्या एका आमदाराने. हातात गरुडाचं पीस धरून बसलेले एलायजा हार्पर, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि त्यावरून असं वाटतं की एका माणसाने मनात आलं म्हणून अख्ख्या देशाचं काम अडवलं. तेवढ्यावर गोष्ट संपवली तर आधीची दहा वर्षं आणि त्या दहा दिवसांतलं विधानसभेचं कामकाज, दोन्ही निसटतं.

हार्पर जन्मले १९४९ मध्ये, रेड सकर लेक नावाच्या गावात. मॅनिटोबाच्या ईशान्य कोपऱ्यात, ओंटारियोच्या हद्दीजवळ, वर्षातला बराच काळ विमानाशिवाय जाता येत नाही असं ठिकाण. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवायचे तिथेच त्यांचं बालपण गेलं. त्यांच्या लोकांना देशाच्या निवडणुकीत बिनअटीचं मत मिळालं १९६० मध्ये, तेव्हा हे अकरा वर्षांचे. १९७८ मध्ये गावाचे चीफ, म्हणजे मूलनिवासी समाजाचे प्रमुख झाले, १९८१ मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पार्टीच्या (एनडीपी) तिकिटावर उत्तरेकडच्या रूपर्ट्सलँडमधून विधानसभेत आले, आणि तिथे निवडून आलेले 'स्टेटस इंडियन', म्हणजे सरकारदरबारी नोंद असलेले मूलनिवासी, म्हणून ते पहिलेच. पुढे मंत्री झाले. १९८८ मध्ये सत्ताधारी एनडीपीच्याच एका आमदाराने बजेटच्या विरोधात मत दिलं आणि एका मताने सरकार पडलं, नंतरच्या निवडणुकीत पक्ष तिसऱ्या नंबरवर गेला, पण हार्पर यांची जागा टिकली.

आता मूळ दुखणं. १९८२ च्या राज्यघटनेत मूलनिवासींचे हक्क मान्य करणारं ३५ वं कलम आलं, आणि स्वशासनाचं काय करायचं ते ठरवायला पंतप्रधान आणि सगळ्या मुख्यमंत्र्यांच्या चार परिषदा झाल्या. शेवटची मार्च १९८७ मध्ये, हाती काहीच न लागता संपली. कारण काय दिलं, तर स्वशासन म्हणजे नेमकं काय ते आधी स्पष्ट करा, मग घटनेत घालू. आणि महिन्याभराने, ३० एप्रिलला, तेच सगळे मीच लेकच्या काठी बसले आणि क्वेबेक हा 'वेगळा समाज' आहे हे एका बैठकीत मान्य करून मोकळे झाले, त्याची व्याख्या काय हे कुणी फार ताणलं नाही. हार्पर यांचा क्वेबेकला विरोध नव्हता, त्यांनी ते वारंवार सांगितलं. प्रश्न हा होता की देशाचे संस्थापक म्हणून इंग्रज आणि फ्रेंच दोघांचीच नावं घ्यायची तर जे आधीपासून इथे होते त्यांचं काय.

करार पक्का व्हायला दहाही प्रांतांच्या विधानसभांची मंजुरी लागणार होती आणि मुदत होती पहिल्या ठरावापासून तीन वर्षं, म्हणजे २३ जून १९९०, कारण सगळ्यात पहिला ठराव क्वेबेकने बरोबर तीन वर्षं आधी केला होता. शेवटची तडजोड राजधानी ओटावात झाली ९ जूनला. म्हणजे मॅनिटोबाच्या हातात दोन आठवडे, आणि तिथल्या नियमाप्रमाणे ठरावाला आधी नोटीस, मग चर्चा, मग जनतेची सुनावणी, आणि मगच मतदान. हे सगळं आटोपायचं तर नियम बाजूला ठेवायला पाहिजेत, आणि त्यासाठी सभागृहातल्या प्रत्येकाची संमती पाहिजे. तिन्ही पक्षांचे नेते तयार होते, हार्पर यांचे स्वतःचे नेतेसुद्धा.

१२ जूनला मुख्यमंत्र्यांनी नोटिशीशिवाय ठराव आणायची परवानगी मागितली, सभापतींनी विचारलं, आणि हार्पर 'नाही' म्हणाले. पुढच्या दिवसांतही तेच. मग नोटीस रीतसर दिली तर तीच चुकीच्या पद्धतीने दिल्याचं निघालं. विधानसभेचे नियम आतून माहीत असलेला एक सल्लागार हार्पर यांच्यासोबत होता, हरकत घेतली गेली, सभापतींनी मान्य केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चर्चा सुरू होईपर्यंत २० तारीख उजाडली, आणि सुनावणीत बोलायला साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी नावं दिलेली. २२ जूनला, शुक्रवारी, बैठक वाढवायची का विचारल्यावर परत 'नाही', आणि मतदान न होताच सभागृह उठलं.

याला अडवणूक म्हणणारे आहेत, तेव्हाही होते. मला ते पटत नाही. त्यांनी एकही नियम मोडला नाही, उलट पाळायला लावला. वेळ कमी पडला तो त्यांच्यामुळे नाही, पंतप्रधानांनीच बैठक मुद्दाम मुदतीच्या तोंडावर ठेवली होती आणि फासे टाकल्याच्या भाषेत ते स्वतःच पेपरला बोलून बसले, ती मुलाखत छापून आली नेमकी १२ जूनला. शिवाय मध्येच केंद्राकडून सहा मुद्द्यांचा प्रस्ताव आला होता, त्यात मूलनिवासींसाठी रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोगही होता, पण सगळ्या चीफ मंडळींनी तो नाकारला. तेव्हा हा एकट्याचा हट्ट कसा म्हणायचा?

आणि न्यूफाउंडलँड हा दुसरा प्रांत नेहमी विसरला जातो. तिथल्या नव्या सरकारने आधीची मंजुरी एप्रिलमध्येच मागे घेतली होती. २२ जूनला केंद्राने सुचवलं की न्यूफाउंडलँडने होकार दिला तर मॅनिटोबासाठी मुदत वाढवून घेता येईल, त्यावर तिथले मुख्यमंत्री भडकले आणि त्यांनी मतदानच घेतलं नाही. दोन प्रांत राहिले, पण नाव लक्षात राहिलं एकाच माणसाचं.

पुढचं सगळं भराभर झालं. जुलैमध्ये क्वेबेकमधल्या ओका इथे मूलनिवासींचा जमिनीवरून संघर्ष पेटला, १९९१ मध्ये ते रॉयल कमिशन खरंच नेमलं गेलं, १९९२ चा शार्लटटाउन करार, ज्यात मूलनिवासींचं स्वशासन लिहिलेलं होतं, सार्वमतात पडला, आणि १९९५ मध्ये वेगळं होण्याच्या सार्वमतात क्वेबेक जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने देशात राहिला. हार्पर १९९३ मध्ये लिबरल पक्षाकडून चर्चिल मतदारसंघातून खासदार झाले, जुन्या सहकाऱ्यांना ते रुचलं नाही, १९९७ मध्ये हरले, १९९९ मध्ये जमिनीच्या दाव्यांच्या आयोगावर गेले. २०१३ च्या मे महिन्यात ते वारले तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांना त्याच विधानभवनात ठेवलं होतं. राज्यघटना मात्र शार्लटटाउननंतर कुणी तशी उघडली नाही, आणि ३५ व्या कलमाचा अर्थ लावायचं काम परिषदांमधून निघून कोर्टात गेलं ते आजपर्यंत तिथेच चालू आहे.