घाटाच्या पायऱ्या आणि नदीचं गणित

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत येतंच, पण जुन्या नाशकात पुराचं माप वेगळं आहे. पाणी गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, अशी खबर गल्लीगल्लीत फिरते आणि सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात. काठावरच्या नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेला पाणी टेकलं की महापूर.

गोदावरीचं पात्र उन्हाळ्यात आक्रसतं, श्रावणात पसरतं. काठाला उभी भिंत बांधली तर वाढत्या पाण्याला फक्त वर चढता येतं. पायऱ्या असल्या की ते चढता चढता बाजूलाही पसरतं. पात्राचा छेद मोठा होतो, म्हणून तेवढ्याच विसर्गाला पातळी कमी वाढते. पाणी ओसरलं की त्याच घाटावर दशक्रिया विधी, धुणं, बुधवारचा बाजार आणि उन्हाळ्यात 1922 पासून चालत आलेली वसंत व्याख्यानमाला. नदी कुठेही थांबली असो, पाण्यापर्यंत नेणारी एक पायरी तिथे असतेच. शहररचनेतलं हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. कठड्यामागून नदी नुसती बघायला लावणाऱ्या काठांवर ते सापडत नाही.

मात्र सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत याच पात्राचा तळ काँक्रीटने झाकला गेला आणि कुंडांतले जिवंत झरे त्याखाली गेले. जमिनीतलं पाणी नदीत येणं आणि नदीचं जमिनीत मुरणं, दोन्ही तिथे अडतं. गोदाप्रेमींनी लावून धरल्यावर काही कुंडांतलं काँक्रीट काढलं गेलं. ते काम पूर्ण व्हायलाच हवं.

नदीकडे उतरायचं तर रविवार कारंजावरून सराफ बाजारातून पायी उतरावं. वाड्यांच्या भिंती गल्लीच्या रुंदीच्या दुप्पट उंच आहेत आणि गल्ली दक्षिणोत्तर आहे असं धरा. सूर्य 63 अंशांच्या वर चढल्याशिवाय ऊन जमिनीला लागत नाही. म्हणजे मे महिन्यातही थेट ऊन दुपारचे सुमारे पावणेचार तास. शिवाय चार-सहा पावलांवर नवा उंबरठा, नवं दुकान, ओट्यावर बसलेलं कुणीतरी. त्यामुळे अंतर कमी वाटतं. गंगापूर रोडवर लांबच लांब कंपाउंडच्या भिंतीकडेने तेवढंच चालणं कंटाळवाणं होतं.

पण अशीच अरुंद, उताराची वाट गर्दीत घातक ठरते. 27 ऑगस्ट 2003 ला, सिंहस्थात, पंचवटीतल्या सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं दाटली की कुणाचंही पाऊल स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मागचा रेटा अंगाअंगातून लाटेसारखा पुढे जातो, उतारावर त्यात वरच्यांचं वजनही मिळतं. पुढच्या माणसाला थांबायचं असतं, मागच्याला ते कळतच नाही.

आता 2026–28 चा सिंहस्थ आला आहे. गर्दीच्या भीतीने जुन्या गल्ल्या रुंद करायचा मोह होईल. त्याआधी येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी करावी, उताराच्या तोंडापाशी लोंढा साचू न देता तो वरच, मोकळ्या जागेत थोपवावा आणि टप्प्याटप्प्याने खाली सोडावा. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस या गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी जशा आहेत तशाच लागतात.