‘वाढीव मेमरी’चा घोळ : कोकणातल्या पतसंस्थांच्या पहिल्या संगणकांची पार्श्वभूमी

चिपळूण-खेडकडच्या पतसंस्थेत जुनं दप्तर आवरायला काढलं की खतावण्यांच्या मागून सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा खोका निघतोच. वर बॉलपेनाने ‘मार्च ९३ अखेर’. नव्या क्लार्कचा पहिला प्रश्न : मेमरी किती? ३६० केबी म्हटलं की तो हसतो. त्याला हसू दे, पण याच शब्दाने त्या काळी भल्याभल्या संचालकांना रडवलं होतं.

१९७९ चं व्हिजिकॅल्क किंवा १९८३ चं लोटस १-२-३ हे आकड्यांचे तक्ते मांडणारे प्रोग्रॅम आमच्याकडे कुणी नवं असताना पाहिलं नाही. १९८४ मध्ये केंद्राने संगणकांवरची बंधनं सैल केली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोकणात एक्सटी मशीन दिसू लागली : ८०८८ प्रोसेसर, काळ्यावर हिरवी अक्षरं, २० एमबीची हार्ड डिस्क. पिग्मी आणि ठेवींचे प्रोग्रॅम बहुतेक डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले. त्याला २५६ केबी पुरत.

‘२० एमबी मेमरीचा संगणक घ्यावा’ असे ठराव तेव्हा सर्रास होत. हे २० एमबी डिस्कचे. प्रोग्रॅम चालतो ती रॅम वेगळी, आणि डॉसखाली, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमखाली, तिची हद्द ६४० केबी. सभासद वाढले, प्रोग्रॅम फुगला, की पडद्यावर ‘प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी’. मेमरी कमी पडते म्हटल्यावर एका विक्रेत्याने आमच्या ओळखीच्या संस्थेच्या गळ्यात ४० एमबीची डिस्क मारली. डिस्क मोठी झाली, संदेश तोच राहिला.

या ६४० केबीवर अजून वाद होतात. ८०८८ ला मेमरीतली जागा दाखवणाऱ्या पत्त्याच्या २० तारा, म्हणजे मेमरी एकूण १ एमबी. १९८१ मध्ये पीसी बांधणाऱ्यांनी वरचे ३८४ केबी पडदा, बायॉस (मशीन सुरू करणारा अंगचा प्रोग्रॅम) वगैरेंसाठी राखून ठेवले. उरले ते ६४०. आखूड बुद्धीचा निर्णय म्हणून त्याला नावं ठेवली जातात, आणि ‘६४० कुणालाही पुरेल’ हे वाक्य पुराव्याशिवाय एका बड्या उद्योजकाच्या तोंडी घातलं जातं. मला तो निर्णय तेवढा चुकीचा वाटत नाही. त्या वर्षी तेच मशीन १६ केबीवरही विकलं जात होतं. खरा ताप पुढे झाला. २८६ प्रोसेसरचं पुढचं मशीन आलं, १६ एमबीपर्यंत पोचू शकणारं, तरी डॉसचे प्रोग्रॅम जुन्याच कुंपणात अडकले.

त्यावर दोन उतारे निघाले, एक्स्टेंडेड आणि एक्स्पांडेड. आमच्याकडच्या कोटेशनांत दोन्हीचं मराठी एकच : ‘वाढीव मेमरी’. एक्स्टेंडेड ही १ एमबीच्या वरची, तिला निदान २८६ लागे. एक्स्पांडेड वेगळ्या कार्डावर बसे आणि ६४ केबीच्या खिडकीतून तुकड्या-तुकड्याने दिसे. ती एक्सटीवरही चाले. कोटेशनात ‘वाढीव’ वाचायचं, ठराव करायचा, आंबा घाट चढून कोल्हापूरहून कार्ड आणायचं, आणि लावल्यावर कळायचं की आपला प्रोग्रॅम दुसरीच वाढीव मागतो. लोटसची १९८९ ची तिसरी आवृत्ती तर सरळ २८६ आणि १ एमबी मागू लागली, म्हणून एक्सटीवाले जुन्याच आवृत्तीवर थांबले. १९९१ च्या डॉस ५ ने कॉन्फिग (मांडणीच्या) फायलीतल्या ‘डॉस=हाय’ या ओळीने २८६ वाल्यांना थोडी जागा मोकळी करून दिली. ती ओळ ज्याला ठाऊक, तो तालुक्यात इंजिनीअर.

खोक्यावर न छापलेल्या गरजा आणखीच. संस्थेतला एकमेव एसी संगणकाच्या खोलीला, म्हणून चपला बाहेर. व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर, वीज गेली तर यूपीएस. आणि जून ते सप्टेंबर फ्लॉपीला धरणारी बुरशी : डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवूनही तबकडीवर पांढुरके ठिपके यायचेच. खंडेनवमीला मॉनिटरला हळदकुंकू मिळे, फ्लॉपीला नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे : फॉक्सप्रो, विंडोज, टॅली, आता कोअर बँकिंग. वाय-टू-केचा, म्हणजे सालाचे दोनच आकडे लिहिल्याने २००० मध्ये तारखा चुकतील याचा, बोभाटा १९९९ चा, पण ठेवींच्या कामात तो आधीच भेटला. १९९५ मध्ये पाच वर्षांची ठेव घेतली आणि मुदतीचं साल ‘००’ टाइप केलं, की डीबेस ते १९०० धरे. गंमत म्हणजे डीबेसची डीबीएफ फाइल साल चार आकड्यांतच साठवायची. आकडे खाल्ले जायचे ते पडद्यावर. ‘सेट सेंचुरी ऑन’ लिहून काम भागे, पण मग जुनी पावती प्रिंटरवर दोन घरं सरके.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, तेव्हा एका संस्थेत तळमजल्यावरचे सर्व्हर गेले आणि अडगळीतला एक्सटीही गेला. पोटमाळ्यावर डॉट मॅट्रिक्सच्या जोडकागदावर छापलेल्या तेरजांचे गठ्ठे होते. पैकी ‘मार्च ९३ अखेर’ अजून वाचता येतो.