इंजिनाच्या घशातला बर्फ

लहान विमानाचे इंजिन हवेत बंद पडल्याची बातमी आली की तिच्यात दोन गोष्टी हटकून असतात. एक म्हणजे ‘इंजिन बंद पडताच विमान दगडासारखे कोसळले’ हे वाक्य, आणि दुसरी, ‘हवामान अगदी चांगले असताना’ असे झाले याचे आश्चर्य. त्यातले वाक्य सरळ चूक आहे. चार आसनी सेसना १७२ चे इंजिन बंद पडले तरी विमान ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर) वेगाने, खाली जितके उतरते त्याच्या नऊपट अंतर पुढे तरंगत जाते. जमिनीपासून ३,००० फूट उंचीवर असाल तर शेत, रस्ता किंवा धावपट्टी शोधायला सुमारे ८ किलोमीटरचा पल्ला हातात असतो. ते आश्चर्य मात्र समजून घेण्यासारखे आहे. कारण चांगल्या, सुखद, किंचित दमट हवेतच या इंजिनांच्या आत बर्फ धरतो, बाहेर १५ अंश सेल्सिअस असताना, कधी २५ असतानाही.

ऐकायला विचित्र वाटते, पण हे दृश्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवामागे दिसते. आचाऱ्याच्या मोठ्या शेगडीला जोडलेल्या गॅस सिलिंडरच्या खालच्या भागावर आधी दव आणि मग पांढरा थर जमतो. भर मे महिन्यातही. आतला द्रव भराभर वाफ होतो, वाफ व्हायला लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढतो, आणि पत्रा शून्याच्या खाली जातो. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, हेच घडते, फक्त तिथे तो थर बाहेरून दिसत नाही.

२०२० साली बीएस-६ नियम आले आणि आपल्या नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. हौशी उड्डाणाच्या विमानांत तो अजून ठाण मांडून आहे, कारण ही विमाने चाळीस-पन्नास वर्षे सहज टिकतात. सेसना १७२ चे उत्पादन १९८६ मध्ये थांबले आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा तिला फ्युएल इंजेक्शनचे इंजिन मिळाले. त्याआधीच्या १७२, दोन आसनी १५० आणि १५२, जुन्या पायपर चेरोकी, ही बहुतेक सगळी कार्ब्युरेटरवाली. फ्लाइंग क्लबात तासाच्या भाड्याने मिळणारे विमान बहुतेक वेळा यांपैकीच एखादे असते.

कार्ब्युरेटरची रचना सोपी आहे. हवा फिल्टरमधून आत येते आणि एका चिंचोळ्या गळ्यातून, म्हणजे व्हेंच्युरीतून जाते. तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे बारीक नळीतून पेट्रोल ओढले जाऊन फवाऱ्यासारखे हवेत मिसळते. गळ्याच्या पुढे एक गोल पितळी चकती असते, ती थ्रॉटलची झडप. वैमानिकाने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण आत ढकलला की चकती हवेच्या प्रवाहाला समांतर होते, ओढून बंद केला की वाट जवळजवळ पूर्ण अडवते आणि कडेने फक्त एक बारीक फट उरते. बर्फ जमतो तो या चकतीवर आणि तिच्या आसपासच्या भिंतीवर.

आता थोडा हिशोब करू. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते. इंजिनात एक किलो पेट्रोलबरोबर साधारण १४ किलो हवा जाते. सगळे पेट्रोल तिथेच वाफ झाले असे धरले, तर दर किलो हवेतून २५ किलोज्यूल उष्णता काढली जाईल. एक किलो हवा एक अंशाने थंड करायला एक किलोज्यूल पुरतो, म्हणजे कोरडी हवा एका क्षणात २५ अंशांनी थंड होते. बाहेर २० अंश, आत उणे पाच.

पण हवा कोरडी नसते, आणि खरी गंमत इथून सुरू होते. दमट हवा दवबिंदूच्या खाली गेली की बाष्पाचे पाणी होते आणि त्यात लपलेली उष्णता परत मिळते, दर ग्रॅमला सुमारे अडीच किलोज्यूल. म्हणजे आर्द्रता बर्फाला कच्चा माल पुरवते आणि त्याच वेळी थंडीला विरोधही करते. २५ अंश आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली एक किलो हवा शून्यावर आणायची तर २५ किलोज्यूल हवेचे आणि सुमारे ३० किलोज्यूल पाण्याचे, असे ५५ काढावे लागतात. पेट्रोलकडे आहेत फक्त २५. या सरळ हिशोबाने तिथे बर्फ होऊच नये. तीच आर्द्रता १० अंशांवर घेतली तर एकूण १६ किलोज्यूल काढले की काम भागते, आणि पेट्रोल त्याहून जास्त काढते. म्हणून थंड-दमट हवा सर्वांत वाईट. अगदी कडाक्याच्या थंडीत धोका पुन्हा कमी होतो, कारण उणे १० अंशांच्या हवेत बाष्पच किलोला दोन ग्रॅमहून कमी असते.

मग २५ अंशांवर बर्फ कसा? कारण वरचा हिशोब सरासरीचा आहे आणि चकती सरासरी हवेत बसलेली नसते. पेट्रोल सगळीकडे सारखे पसरत नाही. त्याची पातळ साय चकतीवर आणि भिंतीवर धरते, तिथून ते थेट धातूची उष्णता घेऊन उडते, आणि धातू आजूबाजूच्या हवेपेक्षा बराच थंड होतो. थ्रॉटल कमी केला की त्यात आणखी तीन गोष्टी भर घालतात. चकतीच्या मागे दाब उतरतो आणि कमी दाबात पेट्रोल जास्त जोराने उडते. मंद गतीत मिश्रण मुद्दाम पेट्रोलकडे झुकलेले असते, १४ ऐवजी १२ किलो हवेला एक किलो, म्हणजे २५ च्या जागी २९ किलोज्यूल. आणि फट इतकी बारीक असते की दोन-तीन मिलिमीटरचा थरही वाट बुजवायला पुरतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची पुस्तिका म्हणूनच सांगते की २१ अंशांखाली आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता असताना बर्फाची शक्यता सर्वाधिक, पण ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेलाही ती नाकारता येत नाही.

हे सगळे एका खऱ्या सहलीवर बसवून पाहू. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठी पालो अल्टोचा छोटा विमानतळ आहे. तिथून हाफ मून बे ही समुद्रकाठची धावपट्टी हवाई मार्गाने जेमतेम ३५ किलोमीटर. मध्ये सांता क्रूझ डोंगराची रांग, पलीकडे पॅसिफिक. सकाळी विमान भाड्याने घ्यायचे, डोंगर ओलांडायचा, समुद्राकाठी न्याहारी करायची आणि परत यायचे, ही तिथल्या हौशी वैमानिकांची आवडती फेरी. अशा सहलींना अमेरिकेत ‘हंड्रेड डॉलर हॅम्बर्गर’ म्हणतात, कारण खाण्यापेक्षा पेट्रोल आणि भाडेच महाग पडते. त्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी वैमानिकाचा परवाना काढला आहे, त्यांना ही वाट सांगायला नको.

डोंगराच्या अलीकडे हवा ऊबदार आणि त्या मानाने कोरडी. ३,००० फुटांवरून डोंगर ओलांडला की लगेच उतरायला लागते, म्हणून थ्रॉटल मागे येतो. खालची हवा थंड समुद्रावरून आलेली असते. हवामानाच्या संदेशात ‘१५/१२’ असे आकडे दिसतात, म्हणजे तापमान १५, दवबिंदू १२, आर्द्रता सुमारे ८२ टक्के. वरच्या पद्धतीने मोजले तर ही हवा शून्यावर आणायला साडेसत्तावीस किलोज्यूल काढावे लागतात. पंचविसाला ती काठावर राहते, एकोणतिसाला काठ ओलांडते. म्हणजे वेगाने सरळ उडताना जे इंजिन ठणठणीत होते ते उतरताना, थ्रॉटल मागे असताना, गोठू लागते. आणि उतरताना ते कळत नाही, कारण इंजिन तसेही मंद चाललेले असते. धावपट्टीच्या थोडे आधी उंची कमी पडली म्हणून थ्रॉटल पुढे करावा आणि इंजिनाने उत्तरच देऊ नये, असा हा सापळा आहे. निघण्यापूर्वी तापमान आणि दवबिंदू यांतला फरक पाहावा. तो पाच अंशांच्या आत असेल तर बर्फ येणार असे धरूनच उडावे.

सरळ उडताना लक्षण वेगळे असते. ठरावीक कोनाच्या पंख्याच्या विमानात आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा हळूहळू खाली सरकतो, २४०० चे २३५०, मग २३००. इथे दोन गोष्टी फसवतात. थ्रॉटलला जागेवर धरणारी घर्षणकडी सैल असेल तर कंपनाने थ्रॉटल आपोआप मागे येतो आणि तोही असाच काटा उतरवतो. आणि ऑटोपायलट उंची धरून ठेवत असेल तर तो नाक मुकाट्याने वर करत राहतो, वेग घटतो आणि वैमानिक खिडकीबाहेर बघत असतो. आपोआप कोन बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात तर आरपीएम हलतच नाही, मॅनिफोल्ड दाबाचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, काटा पाहावा लागतो.

उपाय एका बटणात आहे, कार्ब हीट. एग्झॉस्टच्या मफलरभोवती पत्र्याचे आवरण असते. बटण ओढले की थंड हवेची वाट बंद होते आणि त्या आवरणात तापलेली हवा कार्ब्युरेटरला मिळते. अमेरिकी प्रमाणपत्राच्या नियमानुसार ७५ टक्के शक्तीवर ही व्यवस्था हवा सुमारे ५० अंशांनी तापवू शकली पाहिजे. बटण ओढताच आरपीएम ७५ ते १५० ने उतरतो, कारण गरम हवा विरळ असते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होते. आत बर्फ नसेल तर काटा तिथेच थांबतो. बर्फ असेल तर पुढचे अर्धे मिनिट अवघड जाते. बर्फ वितळतो, ते पाणी इंजिनात जाते, इंजिन खोकते, थरथरते, कधी क्षणभर गप्प होते. नवा वैमानिक नेमका इथे घाबरतो, ‘बटण ओढले आणि बिघडले’ असे समजून ते परत ढकलतो, आणि अर्धवट वितळलेला बर्फ पुन्हा गोठतो. या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. बटण पूर्ण ओढावे आणि काटा पुन्हा वर चढेपर्यंत हात लावू नये. अर्धवट ओढू नये. उणे तापमानातले कोरडे बर्फकण, जे एरवी सरळ निघून गेले असते, ते अर्धवट उष्णतेने ओले होऊन चिकटतात. कार्ब्युरेटरचा तापमापक बसवलेला असेल तरच अर्धवट उष्णतेचा विचार करावा.

उशीर करण्यात आणखी एक धोका आहे. ही उष्णता एग्झॉस्टची, म्हणजे इंजिन चालू आहे तोवरची. ते बंद पडले की मफलर भराभर निवतो आणि उपाय हातातून जातो. म्हणून सेसनाच्या सूचनेप्रमाणे थ्रॉटल मागे घेण्याआधीच कार्ब हीट ओढायची, नंतर नाही. लांबवर उतरत असाल तर मिनिटा-दोन मिनिटांनी थ्रॉटल थोडा पुढे करून इंजिन ऊबदार ठेवायचे. उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे असेल तर पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि लगेच बटण आत ढकलायचे, नाहीतर शक्ती १५ टक्क्यांपर्यंत कमी मिळते.

पायपर चेरोकीच्या पुस्तिकेत मात्र बर्फाचे लक्षण दिसल्याशिवाय कार्ब हीट वापरू नका असे लिहिलेले असते. दोन्ही बरोबर आहेत. चेरोकीतही लायकमिंग इंजिन आणि अनेक सेसना १७२ मध्येही लायकमिंग, पण हवेची पेटी आणि बॉनेटखालची मांडणी वेगळी. लायकमिंगमध्ये कार्ब्युरेटर तेलाच्या टाकीच्या पोटाला चिकटलेला असतो आणि गरम तेलाची ऊब त्याला मिळते. सेसना १५० मधल्या कॉन्टिनेंटल ओ-२०० मध्ये तो टाकीपासून दूर लोंबतो, म्हणून ते विमान बर्फासाठी कुप्रसिद्ध आहे. ज्या विमानात बसलात त्याचीच पुस्तिका पाळावी, मित्राच्या विमानाची नाही.

महाराष्ट्रातल्या शिकाऊ वैमानिकांनी हा विषय परदेशातला म्हणून सोडू नये. पावसाळ्यात दख्खनच्या पठारावर २२-२४ अंश आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता नेहमीची. सरळ उड्डाणात तिथे धोका कमी, पण थ्रॉटल मागे घेऊन वारंवार उतरण्याचा सराव करताना कायम हजर.

या बर्फाचा एक गुण फार वाईट आहे: तो पुरावा ठेवत नाही. विमान शेतात उतरते, बंद पडलेल्या इंजिनाची उष्णता आजूबाजूला पसरते आणि तपासनीस येईपर्यंत चकती कोरडी झालेली असते. इंजिन चालू केले तर ते सुरळीत चालते. मग कोणी घातवार शोधतो, कोणी नजर लागली म्हणतो, पुढच्या वेळी चाकाखाली लिंबू ठेवतो. तपासनीस त्या दिवशीचे तापमान आणि दवबिंदू यांच्या नोंदी काढतात आणि कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची शक्यता दाखवणाऱ्या तक्त्यावर तो बिंदू कुठे पडतो ते पाहतात. लिंबू ठेवणाऱ्याला तेवढाच वेळ हवामानाचा संदेश वाचायला देता आला असता, आणि त्याने खरोखर जीव वाचला असता.

हाफ मून बेहून परतताना हे विशेष लक्षात ठेवायला हवे. न्याहारी झाली, इंजिन सुरू केले, समुद्राच्या ओल्या हवेत थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवून पाच-सात मिनिटे टॅक्सी केली, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत धावपट्टीकडे नेले, की जमिनीवरच चकतीवर थर धरू शकतो. टॅक्सी करताना कार्ब हीट ओढून ठेवू नये, कारण ती हवा फिल्टरमधून येत नाही आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. धावपट्टीच्या तोंडाशी, १७०० आरपीएमवर इतर तपासणी करताना बटण पूर्ण ओढावे आणि दहा-पंधरा सेकंद काट्याकडे पाहावे. काटा उतरून स्थिर राहिला तर बटण आत ढकलून निघावे. उतरून पुन्हा चढू लागला तर आत बर्फ होता. मग तो पूर्ण जाईपर्यंत तिथेच थांबावे, बटण आत ढकलून आरपीएम आधीच्या १७०० च्या पुढे जातो का ते पाहावे, आणि धावपट्टीवर जाण्याआधी हीच तपासणी आणखी एकदा करावी.