होम आणि ‘इदं न मम’ : आमच्या ग्राहकांसाठी

सप्रेम नमस्कार.

होमाचं साहित्य बांधून देताना काउंटरवर दोन प्रश्न येतात. वास्तुशांतीला काय काय लागतं, हा पहिला. त्याची यादी गुरुजीच लिहून देतात. दुसरा प्रश्न लोक पैसे देऊन झाल्यावर, जरा हळू आवाजात विचारतात. “घरी रोज थोडा होम केला तर मनाला शांत वाटेल का हो?” साताऱ्यातल्या आमच्या या दुकानात वडील बसत तेव्हाही हा प्रश्न येत असे. गर्दीत त्याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

आमच्या समजुतीप्रमाणे होमातली शांती ‘न मम’ या दोन शब्दांत आहे. ‘अग्नये स्वाहा’ म्हणत आहुती सोडायची आणि लगोलग म्हणायचं, ‘अग्नये इदं न मम’. हे अग्नीचं, माझं नाही. शास्त्रात यज्ञाची तीन अंगं सांगितली आहेत: द्रव्य, देवता आणि त्याग. द्रव्य आम्ही देतो, देवतेचं आवाहन गुरुजी करतात. त्यागाचं वाक्य मात्र यजमानाचं असतं. मोठ्या कार्यक्रमात नेमकं तेच हरवतं. पाहुण्यांची जेवणं, फोटो, पुढचा मुहूर्त, सगळी घाई. यजमान नुसता पळीपळीने तूप सोडत राहतो. गुरुजींना आधीच सांगून ठेवा की ‘न मम’ आम्ही स्वतः म्हणणार, जरा थांबत चला. कुठलेच गुरुजी नाही म्हणणार नाहीत, उलट त्यांना बरं वाटेल.

हे लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव सांगतो. वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर संध्याकाळी दोन आहुत्या द्यायला सुरुवात केली. बरेच दिवस काही म्हणजे काही वाटलं नाही. आहुती द्यायची, उठायचं, दुकानाचा हिशोब काढायचा. मग एकदा लक्षात आलं की आपण मंत्र म्हणतो, पण बोटं तांदूळ धरूनच ठेवतात. चिमूट सैल केल्याशिवाय आहुती पडत नाही. त्या दिवसापासून आधी बोटांकडे बघायला लागलो. हात आहुती सोडतो, नजर ज्वाळेवर असते, तोंडात मंत्र असतो. तेवढा वेळ मनाला दुसरीकडे पळायला फारशी वाट उरत नाही. वडिलांची आठवण अजून येते, पण आता ती आली की मी तिच्याशी भांडत नाही.

अग्नी आपल्याला परका कधीच नव्हता. ऋग्वेदाचं पहिलं सूक्त अग्नीचं आहे. शिवाय कार्यागणिक त्याचं नाव बदलतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं: लग्नात तो ‘योजक’, पौष्टिक, म्हणजे भरभराटीसाठीच्या कर्मात ‘बलवर्धन’ आणि शांतिकर्मात ‘वरद’. पोटातल्या अग्नीलाही वेगळं नाव आहे, ‘जठर’. पंगतीत बसल्यावर आपण जो श्लोक म्हणतो त्यात जेवणाला यज्ञकर्म म्हटलंय ते उगाच नाही. ज्यांच्या घरी परंपरेने वैश्वदेव (जेवणाआधी शिजलेल्या अन्नाची अग्नीला आहुती) चालत आला आहे, त्यांनी तोच मनापासून करावा. नवीन काही शोधायची गरज नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही अग्निहोत्राची साधी पद्धत सुचवतो. अक्कलकोटच्या शिवपुरीतून तिचा बराच प्रसार झाला. (दुधाच्या आहुतीचं श्रौत, म्हणजे वेदोक्त अग्निहोत्र वेगळं, ते विधीने अग्नीची स्थापना केलेल्यांचं.) खाली निमुळतं, वर रुंद असं तांब्याचं छोटं पात्र घ्यायचं. त्यात देशी गाईच्या वाळलेल्या शेणीचे तुकडे मध्ये हवा खेळेल असे रचायचे आणि तुपाची वात किंवा भीमसेनी कापूर लावून पेटवायचे. रॉकेल चालत नाही, आणि तोंडाने फुंकर घालू नये, विंझण वापरावं. न तुटलेल्या तांदळाच्या दोन चिमटी, तुपाने माखलेल्या. सूर्योदयाला ‘सूर्याय स्वाहा, सूर्याय इदं न मम’ आणि ‘प्रजापतये स्वाहा, प्रजापतये इदं न मम’. सूर्यास्ताला सूर्याच्या जागी अग्नी: ‘अग्नये स्वाहा, अग्नये इदं न मम’, प्रजापतीची आहुती तीच. बस्स, एवढंच. मग आहुती जळेपर्यंत जागेवरून उठू नका. आमच्या मते खरी वेळ तीच, आणि लोक नेमके तेव्हाच उठतात. सातारकरांनी एक ध्यानात ठेवावं: इथे सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड लवकर जातो, म्हणून डोळ्यांनी अंदाज न करता पंचांगातली वेळ धरावी.

मोठ्या होमासाठी समिधा घेताना घाई करू नका, पुडी उघडून बघा. अंगठा आणि तर्जनी ताणली की जेवढं अंतर पडतं तेवढी लांबी, जाडी अंगठ्याएवढी, साल शाबूत, कीड नको. नवग्रहांच्या समिधा ठरलेल्या आहेत. रवीला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. यातली एखादी मिळाली नाही तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो. दुसरंच लाकूड खैर म्हणून देत नाही. पावसाळ्यात आपल्याकडची हवा अशी की आठ दिवसांत समिधा ओल धरतात, मग होमात ज्वाळा कमी आणि धूरच जास्त. आषाढ-श्रावणात कार्य असेल तर आदल्या दोन दिवसांतच न्या, तोवर आमच्याकडे माळ्यावर कोरड्या राहतील.

फरशीवर थेट होम पेटवू नका, लादी तडकते. विटा मांडून वर वाळू पसरा. खिडक्या उघड्याच हव्यात: बंद खोलीत शेणी किंवा लाकूड जळलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि तो वासावरून कळत नाही. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर होम अंगणात किंवा गच्चीवर करा. देव तिथेही येतो. नायलॉनची साडी, लोंबता पदर, ओढणी सांभाळा.

होमाने आजार जातो असं सांगून आम्ही माल विकत नाही. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवा. झोप उडाली असेल, मन फारच खचलं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. संध्याकाळच्या आहुत्या त्याच्या जोडीने चालू द्या. आणि महागड्या पुडीने जास्त शांती मिळते असंही नाही. चमचाभर तूप आणि दोन चिमटी तांदूळ तुमच्या घरात आहेतच. दुकानदाराने हे लिहू नये असं काही जण म्हणतील, पण वडील गिऱ्हाइकाला हेच सांगत.

राख पूर्ण विझल्याशिवाय हलवू नका. ती संगम माहुलीला नेऊन कृष्णेत सोडण्यापेक्षा चिमूटभर कुंडीत, बाकीची शेताच्या बांधावर टाका. उरलेल्या समिधा कोरड्या असतील तर परत आणून द्या, पुढच्या खरेदीत त्यांचे पैसे वळते करू.